रविवारी दूध प्यायलेला डेरा

मित्रांनो, मी एक जुना, काळा, मान जराशी वाकडी असलेला मातीचा डेरा आहे. मान वाकडी कशाने झाली असं कुणी विचारलं, की मी सांगतो, स्कॉटलंडजवळच्या ल्युइस बेटावरच्या वाऱ्याने. आमच्याकडचा वारा म्हणजे काय, हे आमच्या गावच्या टॉर्किलच्या मेंढीला विचारावं. एका फेब्रुवारीत तिला वाऱ्याने उचललं ते थेट दिसेनासं केलं. ईस्टरला परत आली, तेव्हा पाठीवर भलत्याच गावाच्या खुणेचा निळा पट्टा होता आणि मागे एक कोकरू.

गावात मला क्रोगन म्हणतात. तुम्ही डेराच म्हणा. पोट मोठं आणि मान आखूड असलेल्याला आणखी काय म्हणायचं?

माझं वय मात्र विचारू नका. आगीतून निघाल्याला फार वर्षं झाली नाहीत, पण माती म्हणून मी सगळ्या गावाचा पणजोबा लागतो. हिमनदी डोंगर दळत चालली होती, तेव्हा तिच्या जात्यातून मी पिठासारखा खाली पडलो आणि गवताखाली झोपलो. माझ्या अंगावर गायी चरल्या, माणसं जन्मली, चर्चवरून भांडली, बोटीत बसून कॅनडाला गेली. मी कूस बदलली नाही. मला उठवलं ते केनिनाने.

केनिना ग्लासगोला राहून कुंभारकाम शिकलेली. तिथे ती विजेच्या भट्टीत पांढरेशुभ्र, पापुद्र्यासारखे पातळ कप करत असे. मग एक दिवस सगळं आवरून गावी परतली आणि म्हणू लागली, मला पणजीसारखे डेरे करायचे आहेत. चाक नको, झिलई नको, दुकानातून बोटीने येणारी माती तर मुळीच नको. गावची माती, गावची आग आणि गावच्या गाईचं दूध.

दूध कशाला? तेच तर सांगतोय. आमच्या जातीचं भांडं उघड्या आगीत भाजतात. ते कच्चं राहतं, पाणी घातलं की पाझरतं. म्हणून आगीतून निघालेलं भांडं गरम असतानाच त्यात दूध ओततात. दूध मातीच्या रंध्रारंध्रात शिरतं, जळतं आणि तिथेच घट्ट बसतं. मग भांडं काळं होतं, पण गळत नाही. भांडं गार झालं की संपलं. मग कितीही दूध ओता, खालून निघून जातं.

हे सगळं केनिनाला तिच्या डॉलिनामावशीने सांगितलं. मावशीने लहानपणी आपल्या आजीला डेरे करताना पाहिलं होतं. तिला अर्धं आठवत होतं, आणि उरलेलं अर्धंही ती तितक्याच खात्रीने सांगत असे.

तर केनिनाने माती खणली ती गायरानाच्या कडेला, दलदलीच्या अगदी काठावर. आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या दलदलीतली काळी माती, तिला पीट म्हणतात, ती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत घालायची, हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पण आदल्याच वर्षी गावाने ठरवलं होतं, आता पुरे. डोंगर ओरबाडून झालाय, नाल्या बुजवायच्या, दलदलीला पुन्हा पाणी धरू द्यायचं, पक्षी परत येऊ द्यायचे. भल्याभल्यांनी आपली पीट कापायची फावडी भिंतीला टांगली होती. आणि नेमका तेव्हाच केनिनाने तिथे नवा खड्डा पाडला.

तो खड्डा टॉर्किलला सापडला. म्हणजे टॉर्किल खड्ड्याला सापडला. टॉर्किल हा गायरानाचा कारभारी आणि चर्चमधला मानकरी. एका लग्नाहून परतताना चांगल्या पँटसकट गुडघ्यापर्यंत आत गेला.

"केनिना!" तो तिच्या दारात येऊन गरजला. एक पाय काळा, एक राखाडी. "आम्ही जुन्या जखमा बुजवतोय आणि तू नव्या पाडतेस?"

"काका, घमेलंभर माती घेतली फक्त."

"आज घमेलंभर. उद्या तुझी ग्लासगोची मंडळी येतील, परवा त्यांची बस येईल. मग गायी चरायला काय बसवर चढवू?"

"काका, गावच्या मातीशिवाय हा डेरा होत नाही. आणि ती माती दुसरीकडे कुठेही नाही, मी सगळीकडे बघितलं."

टॉर्किलने पँटकडे बघितलं. मग केनिनाकडे. तो चिडका होता, पण कोत्या मनाचा नव्हता.

"महिनाअखेरच्या सोमवारी गावाची बैठक आहे," तो म्हणाला. "घेऊन ये तुझं भांडं. आमच्या पणज्यांच्या भांड्यासारखं दूध धरलं, तर बोलू. गळलं तर खड्डा कायमचा बंद. मग कर बाई तुझे चहाचे कप."

मित्रांनो, केनिनाने त्या घमेल्यातून माझी भावंडं घडवली. एकेक करून ती लाकडांच्या आगीत फुटली. कुणात खडा राहिला होता, कुणात हवा. शेवटी घमेल्याच्या तळाला जेवढी माती उरली, तो मी.

मला तिने मांडीवर घेऊन घडवलं. बोटांनी एकेक खडा वेचला, जाळून कुटलेल्या शिंपल्यांचा चुरा मिसळला, मातीच्या वळ्या एकीवर एक रचल्या आणि आतून मूठ, बाहेरून तळवा लावून थापटत थापटत माझं पोट फुगवलं. मग समुद्राने गुळगुळीत केलेल्या गोट्याने मला घासलं. इतकं घासलं, की माझ्या पोटावर आपलं रूप बघून शेजारच्या बोक्याने मिशा सावरल्या. हे मी वाढवून सांगत असेन, पण फार नाही.

राहिली मान. जुने लोक मानेवर गवताची दोरी दाबून नक्षी उठवत. केनिना किनाऱ्यावर गेली आणि मासेमारीच्या जाळ्याचा वाहून आलेला नारिंगी प्लॅस्टिकचा दोर घेऊन आली. तो माझ्या मानेभोवती गुंडाळून तिने दाबला.

डॉलिनामावशी काठी टेकत आली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "हे गं काय? माझ्या आजीने गवत दाबलं, तू कचरा दाबतेस?"

"तुझ्या आजीच्या वेळी किनाऱ्यावर गवत मिळायचं, मावशी. आता हे मिळतं."

मावशीने दोराच्या वळावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मान वाकडी झालीय." आणि गेली.

आता कळलं ना मान कशाने वाकडी झाली? पण वारा सांगितला की लोक जास्त ऐकतात.

चुलीशेजारी बसून मी वाळलो. बैठक जवळ आली आणि पाऊस सुरू झाला. आठवडाभर नुसता आडवा पाऊस. शनिवारी दुपारी आकाश उघडलं. केनिनाने मावशीच्या आवारात मला उलटं ठेवलं आणि माझ्यावर आग रचली. पीट नाही, एक ढेकूळसुद्धा नाही. तिने गावाला तसा शब्दच दिला होता. किनाऱ्यावरची लाकडं, मासळीच्या मोडक्या पेट्या, मेंढ्यांच्या लेंड्या आणि वर वाळवलेलं समुद्री शेवाळ. वाळवलेलं असं तिला वाटत होतं.

धूर असा उठला, की मुख्य भूमीवरून आगबंब निघाल्याचं मी नंतर ऐकलं. टॉर्किल कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"भांडं भाजतेस की गावाला धुरी देतेस?"

"काका, शेवाळ जरा ओलं निघालं."

"जरा? यात अजून मासे असतील."

पीटची आग कशी वागते, हे आमच्या माणसांना झोपेतही कळतं. समुद्री शेवाळाची आग कुणालाच ठाऊक नव्हती. संध्याकाळी धारेच्या वेळेला मी तयार होईन, असा केनिनाचा हिशेब होता. धारेची वेळ आली आणि मी आत नुकता कुठे शेकायला लागलो होतो. केनिना ढिगाभोवती घिरट्या घालत राहिली. मावशीची ब्लाराग गाय धार देऊन मोकळी झाली.

मावशी दारातून म्हणाली, "हात काढून घे आता. उद्या रविवार."

मित्रांनो, आमच्या बाजूला रविवार म्हणजे रविवार. कपडे वाळत घालायचे नाहीत, गवत कापायचं नाही, बटाटे शनिवारीच सोलून ठेवायचे. एके काळी शाळेतले झोपाळेसुद्धा बांधून ठेवत, रविवारी चुकून झुलू नयेत म्हणून. तिथे भट्टी कोण उघडणार?

"मावशी, सोमवारी सकाळी बैठक आहे."

"मग?"

"उद्यापर्यंत तो गार होईल. गार डेऱ्याला दूध लागत नाही. माती संपलीय, दुसरा करता येणार नाही."

"मला का सांगतेस? शेवाळाला सांग, लवकर जळ म्हणून," मावशी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रविवार स्वच्छ उजाडला. राखेखाली मी लाल होऊन हळूहळू विझायला लागलो होतो. ओल्या शेवाळाने उशीर केला खरा, पण ऊब मात्र आईसारखी धरून ठेवली होती. केनिना चर्चचे कपडे घालून ढिगाशेजारी उभी होती. हात मागे बांधलेले. नुसती एक काडी फिरवली असती तर राख सरकली असती. पण मावशीच्या आवारात, मावशीच्या रविवारी, तिने काडी फिरवली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं म्हणावं, तर धूर केव्हाच संपला होता.

तेवढ्यात मावशी ब्लारागची धार काढून बादली घेऊन आली. धार काढायला रविवारी मुभा आहे. गरजेचं आणि दयेचं काम कुठल्याही दिवशी करता येतं, आणि गाईचं आचळ काही वार बघून भरत नाही.

मावशी ढिगाशी थांबली. बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ढिगाकडे न बघता म्हणाली, "धार काढणं हे दयेचं काम."

"हो मावशी."

"काढलेलं दूध कशात तरी ठेवायलाच हवं. सांडून देणं हे पाप."

"बादलीत आहे की ते."

"बादलीला भोक आहे."

केनिनाने बादलीकडे बघितलं. "कुठंय?"

"मी म्हणते म्हणजे आहे. तू मध्ये बोलू नकोस. पण राख उकरायची नाही. उकरणं हे काम."

दोघी ढिगाशी उभ्या राहिल्या. आणि मग पश्चिमेकडून वारा आला. तोच तो, मेंढीवाला. त्याने ढिगावरची राख अशी उचलली, की पुढच्या गावात लोकांना बर्फ पडल्यासारखं वाटलं. वाऱ्याला कुणी चर्चला नेलेलं नाही, त्यामुळे त्याला कसलाच दोष नाही. राख उडाली आणि मी दोघींसमोर उघडा पडलो: अखंड, लालसर, धगधगता आणि पालथा.

"पालथा आहे," केनिना पुटपुटली.

मावशीने काठीचं टोक माझ्या कडेखाली घातलं. "माझी काठी अडकली बाई," असं मोठ्याने म्हणाली आणि झटका दिला. मी सरळ झालो. त्याच क्षणी तिने बादली माझ्यात रिती केली.

मित्रांनो, तो आवाज मी विसरणार नाही. चर्र झालं, फसफसलं, पांढरी वाफ उठली, जळक्या दुधाचा खरपूस वास आवारभर पसरला. दूध उतू जाऊन माझ्या अंगाखांद्यावरून वाहिलं आणि जिथे वाहिलं तिथे मी काळाभोर झालो. माझं रंध्र न्‌ रंध्र प्यायलं.

आणि कुंपणापलीकडे काळा कोट घातलेला टॉर्किल उभा होता, हातात बायबल.

"डॉलिना," तो म्हणाला, "काय चाललंय?"

"दूध ठेवतेय."

"ते उकळतंय."

"भांडं जरा तापट आहे, तुझ्यासारखं."

टॉर्किल आणि डॉलिनामावशी शाळेत एका बाकावर होते, आणि तेव्हापासून तो तिला घाबरत असे. त्याने माझ्याकडे बघितलं, केनिनाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि चर्चकडे चालू लागला. केनिनाचा चेहरा माझ्यावरून उडालेल्या राखेसारखा झाला. आता मी फुटलो नाही, गळलो नाही, तरी टॉर्किलच्या एका शब्दाने खड्डा बंद होणार होता.

सोमवारी समाजमंदिरात अख्खं गाव जमलं. मला टेबलावर ठेवलं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "रविवारचं भांडं आहे ते! वास माझ्या घरापर्यंत आला होता!"

कुजबुज सुरू झाली. टॉर्किल उठला. खाकरला. केनिना जमिनीकडे बघत राहिली.

"मी प्रत्यक्ष पाहिलंय," टॉर्किल म्हणाला. "गाय दूध देत होती आणि म्हातारी ते ठेवत होती."

"म्हातारा तू!" मावशी पहिल्या बाकावरून म्हणाली.

"यात गरजेचं काम होतं, दयेचं काम होतं, आणि थोडं वाऱ्याचं होतं. तिसऱ्याबद्दल शास्त्रात काही नाही. आता दूध आणा."

माझ्यात गळ्यापर्यंत ताजं दूध ओतलं. मग सगळ्यांनी चहा घेतला, मनुका घातलेला, डफ नावाचा उकडलेला गोड केक खाल्ला, मेंढ्यांच्या भावाबद्दल भांडून घेतलं. केनिनाने काही खाल्लं नाही. मीही श्वास रोखून बसलो होतो. शेवटी टॉर्किल आला, दोन्ही हातांनी मला उचललं आणि खाली बघितलं.

टेबलावर ओलं वर्तुळ होतं.

मागचे लोक बाकांवर चढून बघू लागले. टॉर्किलने त्या ओलीत बोट बुडवलं आणि चाखलं. पुन्हा चाखलं.

"चहा आहे," तो म्हणाला. "साखर जास्त."

"माझाच कप हिंदकळला," मावशी म्हणाली. "भांड्याकडे बघत होते मी, कपाकडे नाही."

असं हसू फुटलं, की खिडकीच्या काचा थरथरल्या. टॉर्किलने माझं बूड रुमालाने पुसलं, मला कोरड्या जागी ठेवलं आणि सगळ्यांनी पुन्हा वाट बघितली. या वेळी टेबल कोरडं राहिलं.

पण टॉर्किल कारभारी होता. नुसतं हसून भागत नाही, हे त्याला कळत होतं. "केनिना," तो म्हणाला, "भांडं पणजीसारखं झालंय, कबूल. आता खड्ड्याचं बोलू. पणज्या वरचं गवत सोलून बाजूला ठेवायच्या आणि खणून झालं की तसंच्या तसं, मुळं खाली, पाती वर, परत बसवायच्या. आम्ही पीट कापताना ते विसरलो, म्हणून डोंगर उघडा पडला. तू विसरू नकोस. पुढच्या वसंतात मी बघायला येईन. खड्डा मला दिसला, तर खणणं बंद. कायमचं."

केनिना त्याच दिवशी गेली. बुजवायच्या नाल्यांतून गवताच्या चौकोनी लाद्या कापून आणल्या, खड्डा आधी दगडमातीने भरला आणि वर लाद्या बसवल्या. गुडघ्यावर बसून एकेक सांधा बोटांनी दाबला, माझं पोट दाबायची तसा.

त्या हिवाळ्यात मी मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात गेलो. काचेच्या पेटीत, डोक्यावर दिवा. शेजारी पाटी होती, 'वारसा आणि पर्यावरण यांचा संवाद'. मी कुणाशी संवाद केल्याचं मला तर आठवत नाही. पेटीत बोलायला होतंच कोण? लोक यायचे, मान तिरकी करून बघायचे. एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "बघ, केवढं प्राचीन!" मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एका मुलीला मात्र मानेवरचे दोराचे वळ दिसले. "हा तर जाळ्याचा दोर!" ती ओरडली आणि काचेला नाक लावून वळ मोजू लागली. तेवढी एक स्तुती मला खरी वाटली.

पण दुधाशिवाय माझा घसा कोरडा पडला. परत आलो, तर केनिना वसंताच्या काळजीत. मला गोठ्यात ठेवून ती विसरली. एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. तिला माझी कलात्मक बाजू पटली होती, असं मी म्हणतो. शेवटी डॉलिनामावशीने मला बघितलं.

"दुधाच्या भांड्यात कोंबडी? प्रदर्शनात हेच शिकवलं का तुला?" असं मलाच रागावून तिने मला गरम पाण्याने घासलं आणि माझ्यात दही लावलं. मित्रांनो, काचेच्या पेटीतल्या सगळ्या दिव्यांपेक्षा मला ते कोमट दही आवडलं.

वसंत आला. टॉर्किल या वेळी जुनी पँट घालून आला. पुढे टॉर्किल, मागे केनिना, तिच्या काखेत मी, आणि सर्वांत मागे काठी टेकत मावशी. दलदलीत पाणी साठलं होतं, टिटव्या ओरडत होत्या. टॉर्किल गायरानाच्या कडेने इकडे गेला, तिकडे गेला. वाकून बघितलं. पायाने चाचपलं. एक मेंढी त्याच्याकडे बघत रवंथ करत उभी होती.

"कुठंय तो?" शेवटी त्याने वैतागून विचारलं.

केनिनाने मला काखेत घट्ट धरलं. मावशीच म्हणाली, "तू त्यावर उभा आहेस, टॉर्किल."

टॉर्किलने खाली बघितलं. एक पाय उचलला, मग दुसरा. गवत जसं होतं तसं पुन्हा उभं राहिलं. त्याने वाकून हाताने गवत दाबून बघितलं.

"मग खण," तो म्हणाला. "एक घमेलं. आणि मला एक कर, मान सरळ असलेला."

त्याला मिळाला तोही वाकडाच. त्यानंतर दरवर्षी एकेक घमेलं निघतं, गवत परत बसतं, आणि आता गावातल्या बऱ्याच घरांत माझं एखादं धाकटं भावंड दही सांभाळत बसलेलं असतं. शाळेतली मुलंसुद्धा लाद्या बसवायला येतात आणि कुणाची लादी आधी हिरवी झाली यावरून भांडतात.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगणं. मातीकडून हवं ते घ्या, पण तिच्या अंगावर पांघरूण परत घालून या. आणि मातीचं भांडं घरी असेल, तर त्याला नुसतं बघू नका, त्यात काहीतरी ठेवा.

कधी आमच्या बेटावर आलात, तर मी तुम्हाला सगळं दाखवीन: ब्लारागची नात, मावशीची काठी, टॉर्किलची ती पँट. पण माझी जन्माची जागा मागाल, तर ती दाखवता येणार नाही. कुणालाच सापडत नाही ती. मी आयुष्यभर फुशारक्या मारत आलो, पण याहून मोठी अजून मारलेली नाही, आणि नेमकी हीच खरी आहे.